न्हाणीघराची दुरुस्ती आणि पाण्याची वाट

मध्य रेल्वेच्या मार्गावर गाडी अंबरनाथ सोडून बदलापूरकडे निघाली, की दोन्ही स्थानकांच्या मध्ये चिखलोलीचा परिसर लागतो. भाताची खाचरे, एक लहानसे धरण आणि औद्योगिक वसाहतीचे कारखाने एवढीच ज्याची एके काळी ओळख होती, तो हा परिसर आता इमारतींनी भरत चालला असून, येथे नव्या रेल्वे स्थानकाचे काम हाती घेतले गेल्यापासून घरांची मागणी आणखीच वाढली आहे. मुंबईत, ठाण्यात, किंबहुना डोंबिवलीतही जागा घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर गेले, अशा कुटुंबांनी पदरची पुंजी आणि बँकेचे कर्ज यांच्या बळावर ही घरे घेतली. एक खोली व स्वयंपाकघर, फार तर दोन खोल्या, असा त्यांचा विस्तार; आणि त्या विस्तारात सर्वांत लहान, सर्वांत जास्त वापरली जाणारी आणि सर्वांआधी जीर्ण होणारी जागा म्हणजे न्हाणीघर. इमारत पंधरा-वीस वर्षांची झाली, की लाद्यांच्या सांध्यांतील सिमेंट झिजते, कमोडच्या बुडाशी काळी रेघ उमटते, आणि एके दिवशी खालच्या मजल्यावरील शेजारी येऊन आपल्या छताला ओल आल्याचे सांगतात. अशा वेळी बहुतेक कुटुंबांचा विचार लाद्यांच्या दुकानापासून सुरू होतो. माझे आग्रहाचे सांगणे असे, की तो पाण्याच्या वाटेपासून सुरू व्हावा. कारण न्हाणीघरातील जे दिसते ते केव्हाही बदलता येते, पण जे लादीखाली आणि भिंतीत गाडले जाते ते पुन्हा पाहायचे झाल्यास सगळेच फोडावे लागते.

न्हाणीघर घराच्या आत आले, याला आपल्याकडे फार काळ लोटलेला नाही. जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी असे, अंघोळीचे पाणी बंबात तापे, सांडपाणी परसातल्या अळवाला आणि केळीला जाई, आणि शौचकूप घरापासून दूर असे. गिरणगावातील चाळींत मोरी खोलीत, पण संडास मजल्याच्या टोकाला सामाईक. आमच्या शेजारच्या उल्हासनगराचा इतिहास तर याहून कष्टाचा आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींमध्ये आसरा मिळाला, त्या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि तेथील अनेक कुटुंबांनी पुढची कित्येक वर्षे सामाईक नळ व सामाईक संडास यांच्यापुढील रांगेत काढली. शौचकूप घरात घेण्यास लोक कचरत, त्याला सोवळ्याओवळ्याइतकेच दुर्गंधीचेही कारण होते. ते दूर झाले एका साध्या युक्तीने. नळीला बाक देऊन त्यात थोडे पाणी सदैव साठून राहील अशी व्यवस्था केली, म्हणजे मैलावाहिनीतील वायू घरात शिरत नाही. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. आपल्याकडे अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात स्वस्त आणि स्वच्छ संडासांचे प्रयोग केले, आणि माणसाने माणसाचा मैला वाहण्याची अमानुष प्रथा बंद व्हावी म्हणून आयुष्य वेचले. त्या प्रथेस कायद्याने मनाई झाली ती १९९३ मध्ये आणि अधिक कठोरपणे २०१३ मध्ये. न्हाणीघराच्या फरशीत बसवलेला नहाणी ट्रॅप आणि कमोडचा बाक यांतले ते दोन इंच पाणी आजही हेच काम करीत असते. बरेच दिवस घर बंद राहिले की ते सुकते आणि घरात दुर्गंधी पसरते, त्यावर एक तांब्या पाणी ओतणे एवढाच उपाय असतो.

मात्र बहुमजली इमारतीत न्हाणीघर घरात आले, तेव्हा एक नवी परिस्थिती निर्माण झाली, जिचा आपण पुरेसा विचार करीत नाही. माझ्या न्हाणीघराची फरशी हे खालच्या घराचे छत असते. या भागातील बऱ्याच इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब इतर स्लॅबपेक्षा नऊ इंच ते एक फूट खाली घेतलेला असतो. त्या खोलगट भागात सांडपाण्याचे पाइप आडवे टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि त्यावर लादी बसवतात. चार फूट रुंद व सात फूट लांब अशा न्हाणीघराचा हिशेब केला, तर क्षेत्रफळ २८ चौरस फूट, म्हणजे २.६ चौरस मीटर; भराव एक फूट धरला तर त्याचे घनफळ पाऊण घनमीटरहून किंचित अधिक आणि वजन सुमारे दीड टन होते. लादीच्या सांध्यांतून किंवा ट्रॅपच्या कडेने उतरलेले पाणी या भरावात मुरते आणि त्याला बाहेर पडण्यास मार्ग नसल्याने वर्षानुवर्षे तेथेच राहते. हे पाणी काँक्रीटमधून हळूहळू लोखंडी सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने सळईभोवतीचे काँक्रीट आतून फुटू लागते. खालच्या घरात छताचा गिलावा पोपडे धरून पडतो, तो या क्रियेचा दृश्य भाग होय. त्यावर पुट्टी व रंग चढवल्याने डाग झाकला जातो, सळईचे गंजणे चालूच राहते.

मे २०२१ मध्ये, अवघ्या पंधरवड्याच्या अंतराने, उल्हासनगरात मोहिनी पॅलेस आणि साई शक्ती या दोन इमारतींत स्लॅब कोसळून रहिवासी मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनांची कारणमीमांसा करण्याचे हे स्थळ नव्हे. एका न्हाणीघराच्या गळतीवर तसा ठपका ठेवणे चुकीचेच ठरेल. परंतु त्या दिवसांनंतर अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या तीन शहरांतील माणसाने आपल्या पायाखालचा आणि डोक्यावरचा स्लॅब गृहीत धरू नये, एवढे तरी आपण त्या मृतांचे देणे लागतो. जुन्या, अनधिकृत अथवा निकृष्ट बांधणीच्या इमारतीत, जेथे सळया उघड्या पडलेल्या दिसतात, तेथे न्हाणीघराचे काम काढण्यापूर्वी इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे हे पहिले काम. लादीचा विचार त्यानंतरचा.

गळतीचा शोध घेणे हे स्वतंत्र शास्त्र आहे, आणि फोडफोडीपूर्वी त्यासाठी आठ-दहा दिवस खुशाल द्यावेत. खालच्या घरातील ओल अहोरात्र एकसारखी राहत असेल, कोणी अंघोळ न करताही पाणी ठिबकत असेल, तर दोष बहुधा दाबाखालच्या नळात, म्हणजे भिंतीतील पाण्याच्या पाइपात असतो. घरातील सर्व नळ आणि फ्लशच्या टाकीचा कॉक बंद करून वरच्या टाकीचा वॉल्व्ह तेवढा उघडा ठेवला आणि तरीही ओल कायम राहिली, तर शंकेस जागा राहत नाही. ओल सकाळी वाढते आणि दुपारनंतर ओसरते, असे असेल तर ती सांडपाण्याच्या वाटेवरची, म्हणजे ट्रॅप, त्याचा सांधा किंवा लादीचे सांधे यांतली होय. ट्रॅपच्या तोंडात बोळा कोंबून फरशीवर रंगवलेले पाणी साठवावे. खाली रंग उतरला तर फरशी दोषी, आणि न उतरता बोळा काढल्यावरच उतरला तर ट्रॅप अथवा त्यापुढचा पाइप दोषी. ओल केवळ जून ते सप्टेंबर दिसत असेल, तर न्हाणीघर निरपराध असून बाहेरच्या भिंतीतील तडे किंवा डक्टमधील पाइप यांकडे पाहिले पाहिजे. सुमारे शंभर इंच पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात ही चूक वारंवार होते. दोष बाहेरच्या भिंतीचा असतो, आणि फोडली जाते आतली लादी.

या निदानाला व्यावहारिक महत्त्वही आहे, कारण खर्च कोणी सोसावा हे त्यावरच ठरते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची तसेच सामाईक नळ व मलवाहिनी यांची गळती दुरुस्त करणे संस्थेकडे, तर संडास, न्हाणी, सिंक अशा घरातल्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सभासदाकडे असतो. म्हणून काम काढण्यापूर्वी संस्थेच्या समितीकडे लेखी अर्ज करावा, कामाचा तपशील व मुदत नमूद करावी आणि मंजुरी पदरात पाडून घ्यावी. जागच्या जागी लादी बदलण्यास सहसा कोणी हरकत घेत नाही. पण काही जण स्वयंपाकघराचा कोपरा घेऊन न्हाणीघर वाढवतात किंवा संडास पलीकडच्या खोलीत सरकवतात, आणि तसे करताना खालच्या घराच्या ओट्यावर किंवा देवघरावर आपली मोरी आणून ठेवतात. संडास-न्हाणीच्या खाली दुसऱ्याची संडास-न्हाणीच असावी, अन्यथा फरशी पूर्णतः जलाभेद्य असावी, असा दंडक बांधकाम-नियमावल्यांत पूर्वीपासून आहे, आणि तो शेजाऱ्याच्या आरोग्यासाठी आहे. खालच्या कुटुंबाला बोलावून त्यांच्या छताची छायाचित्रे दोघांच्या समक्ष काढून ठेवावीत. नवे काम झाल्यावर जुन्या डागावरून नवी तक्रार उद्भवत नाही.

आता योजनेकडे वळू. टेपने लांबी, रुंदी, उंची मोजून, दार, खिडकी, ट्रॅप, मलवाहिनीचे तोंड आणि बीम कोठे आहेत हे कागदावर मापात उतरवावे. चौकटीची वही त्यासाठी पुरते. स्नान व शौच एकत्र असलेल्या खोलीसाठी राष्ट्रीय बांधकाम संहितेने २.८ चौरस मीटर क्षेत्र आणि १.२ मीटर रुंदी ही किमान मर्यादा सांगितली आहे. आपले उदाहरणातले न्हाणीघर त्याहूनही थोडे लहान आहे, आणि या भागातली पुष्कळशी तशीच आहेत. इतक्या जागेत काय मावते, याआधी इतक्या जागेत काय काय घडते याची नोंद करावी. कारण लहान घरातले न्हाणीघर म्हणजे केवळ स्नानाची जागा नसते. तेथे कपडे धुतले जातात, पाण्याचे पिंप भरून ठेवले जाते, केरसुणी-पोछा राहतो, तान्ह्या मुलाला पायांवर घेऊन न्हाऊ घातले जाते, आणि पावसाळ्यात ओले रेनकोट निथळत टांगले जातात. दुकानातील झगमगीत नमुना-न्हाणीघरात यांपैकी काहीच घडत नसल्याने त्याची नक्कल घरी आणल्यावर दोन महिन्यांत पिंपाला जागा उरत नाही आणि काचेच्या पडद्यावर साबणाचा थर साचतो.

चार बाय सातच्या खोलीत माझ्या मते उत्तम रचना ती, जिच्यात दारापासून आत जाताना आधी वॉशबेसिन, मग कमोड आणि सर्वांत आत स्नानाची जागा असा क्रम राहतो. अशाने रोज उठून ओल्या फरशीवरून चालावे लागत नाही, आणि ढाळही दाराकडून आतल्या भिंतीकडे नैसर्गिकपणे देता येतो. बेसिन लहान, सोळा-अठरा इंचांचे पुरे. जमिनीवर बसणाऱ्या कमोडची लांबी साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर असते, त्याच्यापुढे निदान दोन फूट मोकळी जागा हवी; टांगता कमोड थोडी जागा वाचवतो खरा, पण त्याचे वजन पेलणारी पक्की भिंत किंवा लोखंडी चौकट पाहिजे, आणि चार इंची विटांच्या भिंतीवर तो नुसता ठोकून देणे धोक्याचे आहे. खरेदीपूर्वी कमोडचे मलवाहिनीशी असलेले नाते जाणून घेणे अत्यावश्यक. निर्गम भिंतीत जाणारा, तो पी-ट्रॅप. जमिनीत जाणारा, तो एस-ट्रॅप. आणि एस-ट्रॅपमध्येही भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचे अंतर निरनिराळे असते. हे अंतर न मोजता सुंदर कमोड घरी आणला, की प्लंबर तो बसवण्यासाठी लांबडा तिरपा जोड लावतो आणि तोच जोड पुढे तुंबतो. फ्लशची टाकी तीन व सहा लिटर अशा दुहेरी मापाची घ्यावी; जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटरांहून अधिक पाणी सोडीत, आणि ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या गावात हा फरक रोज जाणवतो.

घरात वृद्ध असोत वा नसोत, दार बाहेरच्या बाजूला उघडणारे किंवा सरकते असावे. आत कोणी घसरून दाराला टेकून पडले, तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही, आणि अशा वेळी गेलेली दहा मिनिटे पुन्हा मिळत नाहीत. बाहेरच्या बाजूने नाण्याने अथवा स्क्रूड्रायव्हरने उघडता येईल अशी कडी मिळते, ती बसवावी. कमोडच्या बाजूला आणि स्नानाच्या जागी हाताने धरायची दांडी आज नको असली, तरी ती जेथे येणार तेथे भिंत भरीव ठेवावी. उंबरा फार उंच करू नये. पाणी अडवण्यास अर्धा-पाऊण इंच पुरतो, बाकीचे काम ढाळाने करावे.

पाणी घरात कसे येते, याचा विचार या भागात विशेष करावा लागतो. उल्हास नदी, बारवी धरण आणि चिखलोलीचे धरण यांवर ही शहरे पाणी पितात, परंतु नळ चोवीस तास वाहत नाही, आणि म्हणून न्हाणीघराच्या पोटमाळ्यावर टाकी बसवण्याची पद्धत पडली आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाचशे लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन, आणि तो भार चार इंची भिंतीत खोचलेल्या पातळ कडाप्प्यावर किंवा जुन्या लॉफ्टवर ठेवणे हे डोक्यावर संकट टांगून ठेवण्यासारखे आहे. लहान टाकी ठेवावी आणि तिच्यासाठी दोन्ही भिंतींवर टेकलेले लोखंडी चॅनेल द्यावेत. दाबाचा हिशेबही येथेच करावा. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याने एक बार दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या शॉवरपासून गच्चीवरची टाकी जेमतेम दोन-तीन मीटर उंच असते, म्हणजे त्याला पाव बारच दाब मिळतो, आणि मोठ्या थाळीसारखा शॉवर त्या दाबावर नुसता ठिबकतो. अशा घरात साधा हातशॉवर आणि फरशीपासून दोन फुटांवर बादलीसाठी रुंद तोंडाचा नळ ठेवावा. भिंतीतील जुने गॅल्व्हनाइज्ड पाइप आतून गंजून अरुंद झालेले असतात, काम काढलेच आहे तर ते सगळे बदलावेत. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप योग्य. नवे पाइप चढवल्यावर गिलावा करण्याआधी पंपाने दाब देऊन ते रात्रभर तसेच ठेवावेत आणि सकाळी दाबमापकाचा काटा उतरला नाही याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करावी.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, ढाळ आणि वॉटरप्रूफिंग. जुनी लादी, भराव, पाइप सर्व काढून मूळ स्लॅबपर्यंत जावे. हे करताना हातोडा-छिन्नी वापरावी, मोठे यांत्रिक ब्रेकर स्लॅबवर चालवू देऊ नयेत. सळया उघड्या पडल्याच तर गंज घासून, गंजरोधक लेप देऊन त्या भागाची डागडुजी आधी करावी. स्लॅब स्वच्छ झाल्यावर भिंत व स्लॅब जेथे मिळतात त्या कोनात सिमेंटचा गोलसर वाटा द्यावा, कारण काटकोनातच लेप प्रथम फाटतो. पाइप जेथे स्लॅबमधून जातात तेथे न आकसणाऱ्या मसाल्याने फटी भराव्यात. त्यानंतर सिमेंट व पॉलिमर यांच्या मिश्रणाचे दोन हात, पहिला आडवा व दुसरा उभा, भिंतीवर निदान एक फूट आणि स्नानाच्या जागी पुरुषभर उंचीपर्यंत चढवावेत. खोलगट स्लॅबच्या तळाशी एक बारीक नळी डक्टमध्ये सोडून ठेवली, तर पुढे कधी पाणी मुरले तरी ते साठून राहत नाही, आणि त्या नळीतून पाणी येऊ लागले की दोष निर्माण झाल्याची सूचना घरमालकाला वेळीच मिळते. आमच्या भागातील पुष्कळ न्हाणीघरांत ही नळी नसते, आणि कित्येक ठिकाणी ती गवंड्याने नकळत बुजवलेली आढळते. भराव पुन्हा विटांच्या तुकड्यांचाच करावा असे नाही. हलक्या ठोकळ्यांचा केल्यास स्लॅबवरील बराच भार कमी होतो.

लेप वाळल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून दोन इंच पाणी साठवावे आणि ४८ ते ७२ तास तसेच राहू द्यावे. आपल्या उदाहरणातल्या न्हाणीघरासाठी हे पाणी अवघे १३० लिटर लागते. सात-आठ बादल्यांच्या या खर्चाला कारागीर वेळेच्या सबबीवर फाटा देऊ पाहतात, तेव्हा घरमालकाने मुळीच नमू नये. खालच्या घरी जाऊन रोज छत पाहावे. भराव करून झाल्यावर हीच चाचणी आणखी एकदा घ्यावी. ढाळ दर मीटरला पंधरा ते वीस मिलिमीटर द्यावा, म्हणजे सात फुटांत तीन ते चार सेंटिमीटर. तो डोळ्यांनी न ठरवता पाणसळीने पाहावा, आणि लादी चिकटवण्यापूर्वी कोब्यावर तांब्याभर पाणी ओतून ते कोठेही न थबकता ट्रॅपकडे जाते की नाही हे तपासावे. पाण्याची वाट आधी ठरवण्याची ही रीत येथे जुनीच आहे. अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० चे, तेथील गर्भगृह मंडपाच्या पातळीपेक्षा बरेच खाली आहे. आपल्या मंदिर-स्थापत्यात अभिषेकाच्या पाण्यासाठी प्रणाल कोठून काढायची हे गाभाऱ्याच्या रचनेबरोबरच ठरे. पाण्याचा निर्गम आधी आणि शोभा मागाहून, हा क्रम या मातीतल्या शिल्पकारांना चांगला अवगत होता.

लादीविषयी थोडक्यात. फरशीसाठी खरखरीत पृष्ठभागाची, एक फूट चौरस किंवा त्याहून लहान लादी घ्यावी, कारण मोठ्या लादीला दोन्ही दिशांनी ढाळ देता येत नाही. भिंतीसाठी हिशेब असा: चारही भिंतींची मिळून लांबी २२ फूट, सात फूट उंचीपर्यंत १५४ चौरस फूट, त्यातून दाराचे सुमारे १५ वजा जाता १३९, आणि तूटफुटीसाठी दहा टक्के अधिक. चार-सहा लाद्या जपून ठेवाव्यात. पाच वर्षांनी त्या रंगाची लादी बाजारात मिळत नाही. सांधे इपॉक्सीने भरावेत. जुन्या लादीवरच नवी लादी चिकटवण्याची सोय आता झाली आहे आणि ती स्वस्त व जलद आहे, पण जेथे गळती मुळीच नाही अशाच न्हाणीघरात ती क्षम्य. गळती असताना वरून लादी चढवणे म्हणजे दोष झाकून भार वाढवणे.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नये. तीन किलोवॅटचा गिझर १३ अँपिअर विद्युत्प्रवाह ओढतो. त्याला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, खरेखुरे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. बटण बाहेर असावे. पाणी तापवण्याच्या सुट्या कांड्या आणि बादलीत बुडवून ठेवलेल्या रॉडमुळे दर हिवाळ्यात माणसे दगावतात. गॅस-गिझरविषयी तर हात जोडून सांगावेसे वाटते, की तो न्हाणीघराच्या आत कदापि बसवू नये. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि स्नान करणाऱ्याला आपण गुदमरतो आहोत हे कळण्यापूर्वीच शुद्ध हरपते. ज्या घरी गॅस-गिझर आत आहे, त्यांनी तो दुरुस्तीच्या वेळी मोकळ्या हवेच्या बाल्कनीत हलवावा. हवा खेळती राहण्यासाठी सहा इंची एक्झॉस्ट पंखा या आकाराच्या खोलीस भरपूर होतो, मात्र दाराखाली हवा आत येण्याइतकी फट हवी.

काम कधी काढावे? चार महिने पावसाचे वर्ज्य, कारण भिंती ओल्या, लेप वाळत नाही, आणि गळती कोठली ते कळत नाही. एप्रिल-मे मध्ये पाणीकपातीचा संभव असतो, आणि कोब्याला तर रोज पाणी मारावे लागते. म्हणून दिवाळी उरकल्यापासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. त्यातही घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर परीक्षेपूर्वीच आटोपावे. सर्व चाचण्यांसह पंधरा ते वीस दिवस धरावेत. घरात एकच न्हाणीघर असताना हे दिवस कसे काढायचे, हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांना काम वर्षानुवर्षे पुढे ढकलायला लावतो. शेजारी, नातेवाईक किंवा इमारतीतील रिकामे घर यांपैकी काही तजवीज आधी करावी. वृद्ध आणि लहान मुले यांना त्या अवधीत गावी पाठवता आले तर फारच बरे. राडारोड्याच्या गोण्या गाडी ठरवून नगरपालिकेने नेमलेल्या जागी पाठवाव्यात. त्या वालधुनी नदीच्या पात्रात किंवा ओढ्यात रात्री रित्या करणारे पुष्कळ आहेत, आणि पावसाळ्यात तुंबलेल्या ओढ्याचे पाणी ज्यांच्या घरात शिरते ते आपलेच गाववाले असतात. बिगारी गोण्या जिन्याने खाली नेतो, तेव्हा त्या अर्ध्याच भरलेल्या असाव्यात, आणि मैलावाहिनी उघडी असताना त्याच्या हातात मोजे असावेत, एवढी काळजी घरमालकाने घ्यावी.

ठेका देताना कामाचे भाग पाडून प्रत्येकाचा दर लिहून घ्यावा: फोडणे, पाइप, वॉटरप्रूफिंग, लादी, फिटिंग. सामान कोणी आणायचे हे स्पष्ट असावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. दाबाची चाचणी उतरल्यावर एक हप्ता, पाणी साठवण्याची चाचणी उतरल्यावर दुसरा, आणि दहा टक्के रक्कम येणाऱ्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच मान्य करून घ्यावी. चांगला कारागीर या अटीला नाही म्हणत नाही. भिंती बंद होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र टेप लावून घ्यावे, म्हणजे कोणता पाइप फरशीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे हे दिसते. ही छायाचित्रे, सुरुवातीचा नकाशा, लेपाच्या डब्यांवरील तपशील आणि ठेकेदाराची लेखी हमी यांची एक प्रत घरात आणि एक संस्थेच्या दप्तरात ठेवावी. उद्या खालच्या घरात ओल दिसली, किंवा हे घर दुसऱ्या कुटुंबाच्या ताब्यात गेले, तर त्यांच्या प्लंबरला छिन्नी कोठे मारावी आणि कोठे मारू नये हे त्या कागदावरून कळेल.